बालगंधर्व रंगमंदिरात पहिल्यांदा नाटक पाहायला जाताना

पुण्यात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येऊन स्थिरावलेल्या अनेकांनी ‘बालगंधर्व’ हे नाव चौकाच्या पाटीवर वाचलेले असते, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना वापरलेलेही असते, परंतु जंगली महाराज रस्त्यावरच्या त्या इमारतीत शिरून एखादा प्रयोग पाहण्याचा योग त्यांना आलेला नसतो. चित्रपटगृहाची सवय असलेल्या माणसाला नाट्यगृहाचे व्यवहार सुरुवातीला थोडे अनोळखी वाटतात. तिकीट केव्हा मिळते, कोणती जागा घ्यावी, किती आधी पोचावे, आत कसे वागावे, हे कोणी नीट सांगत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. हा लेख अशा नवख्या प्रेक्षकासाठी आहे. बालगंधर्व रंगमंदिर डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिलेला असला, तरी त्यातले बहुतेक सारे मराठी मुलखातल्या इतर जुन्या नाट्यगृहांनाही लागू पडेल.

आधी वास्तूविषयी थोडेसे

ज्यांच्या नावाने हे रंगमंदिर उभे आहे ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते अशा काळात त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि त्या अशा केल्या, की त्यांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या स्त्रिया करू लागल्या. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि १९१३ साली सहकाऱ्यांसह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढच्या काळात वैभव आणि कर्ज या दोन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला भरपूर आल्या.

रंगमंदिराचे भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्याच हस्ते झाले. मात्र वास्तू पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच, त्यांच्या जन्मदिनी, २६ जून १९६८ रोजी, तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्घाटन झाले. रंगमंदिराच्या उभारणीमागे पु. ल. देशपांडे यांची कल्पकता आणि आस्था होती. रंगमंदिर पुणे महानगरपालिकेचे आहे आणि त्यात खालचे दालन व बाल्कनी मिळून सुमारे हजार प्रेक्षक बसू शकतात. गेल्या काही वर्षांत या वास्तूच्या पुनर्विकासाची चर्चा वारंवार झाली आहे आणि रंगकर्मींनी त्याविषयी आपली मते जाहीरपणे मांडली आहेत. त्या वादात इथे शिरण्याचे कारण नाही. ही वास्तू तिच्या आजच्या रूपात, भरलेल्या प्रयोगात पाहून घ्यावी आणि ती लवकर पाहावी, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

पहिली पायरी : काय पाहायचे ते ठरवणे

बालगंधर्व रंगमंदिराची स्वतःची नाटक मंडळी नाही, ही गोष्ट नवख्या प्रेक्षकाने सर्वांत आधी समजून घ्यावी. महापालिका रंगमंदिराच्या तारखा वेगवेगळ्या निर्मात्यांना आणि संस्थांना भाड्याने देते. नाटकवाले, संगीताच्या मैफली भरवणारे, नृत्यसंस्था, लावणीचे कार्यक्रम करणारे, शाळा-महाविद्यालयांची संमेलने घेणारे असे सारे त्या तारखा मिळवण्यासाठी खटपट करतात. त्यामुळे एकच नाटक तिथे महिनाभर रोज चालू आहे असे घडत नाही. आज दुपारी एक नाटक, रात्री दुसरे, उद्या सकाळी गाण्याचा कार्यक्रम, असा तिथला क्रम असतो. म्हणून ‘बालगंधर्वला काय लागले आहे?’ असे विचारण्यापेक्षा आपल्याला पाहायच्या नाटकाचा पुण्यातला पुढचा प्रयोग कधी आणि कुठे आहे, हे शोधावे. तो प्रयोग बालगंधर्वला असेल तर उत्तमच, परंतु एखाद्या महिन्यात तो कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातही असू शकतो.

पहिल्या भेटीसाठी मी व्यावसायिक रंगभूमीवरचे, बऱ्यापैकी प्रयोग झालेले दोन अंकी नाटक सुचवेन. नव्या नाटकाच्या शुभारंभाच्या प्रयोगाला वेगळी उत्सुकता असते हे खरे, पण पंचवीस-तीस प्रयोग झालेल्या नाटकात नटांची परस्परांशी लय जुळलेली असते, प्रकाश आणि संगीताच्या जागा पक्क्या झालेल्या असतात आणि प्रेक्षक कुठे हसतो, कुठे गप्प होतो, याचा अंदाज सगळ्यांना आलेला असतो. असे नाटक साधारण दोन ते अडीच तासांचे असते आणि त्यात एक मध्यंतर असते. विनोदी नाटकच पाहावे असे काही नाही. गंभीर नाटकाला प्रेक्षागृहात जी शांतता पसरते ती अनुभवण्यासाठीही जाणे योग्यच आहे. जाहिरातीतली चित्रे पाहून मात्र निर्णय करू नये. लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख कलाकार कोण आहेत ते पाहावे आणि शक्य असल्यास प्रयोग पाहिलेल्या एखाद्या माणसाला विचारावे, कारण मराठी नाटक आजही मुख्यतः एकमेकांना सांगण्यावरच चालते.

संगीत नाटकाची गोष्ट वेगळी आहे. ज्या माणसाच्या नावाचे हे रंगमंदिर आहे त्याचे सारे आयुष्य संगीत नाटकात गेले, म्हणून इथे संगीत नाटकाचा प्रयोग लागला आहे असे कळले तर तो सोडू नये. आता असे प्रयोग पूर्वीसारखे वारंवार होत नाहीत. शास्त्रीय संगीताचा कान नसला तरी बिघडत नाही, परंतु कथानक आधी थोडक्यात वाचून जावे, म्हणजे पद, म्हणजे नाटकातले गाणे, सुरू झाल्यावर ‘गोष्ट पुढे का सरकत नाही’ अशी अस्वस्थता वाटणार नाही. पद हा त्या प्रसंगातला भाव विस्ताराने मांडण्याचा काळ असतो. रंगलेल्या पदाला प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ येतो आणि नट ते पद पुन्हा घेतो. गद्य नाटकात असे ओरडणे शोभत नाही, संगीत नाटकात तो परंपरेचा भाग आहे.

लावणीचे कार्यक्रम ही या रंगमंदिराची आणखी एक ओळख आहे. तिथला प्रेक्षक मोकळेपणाने दाद देतो, शिट्ट्याही वाजतात. केवळ महिलांसाठी ठेवलेले प्रयोगही होतात आणि ज्यांना गर्दीच्या त्या वातावरणात अवघडल्यासारखे वाटेल अशा स्त्रियांनी त्यांची चौकशी अवश्य करावी. लहान मुले बरोबर असतील तर दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतले बालनाट्य निवडावे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्यांच्या नाटकाला नेणे हे त्या मुलावर, नटांवर आणि शेजारच्या प्रेक्षकांवरही अन्यायाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारीख, वेळ आणि जाहिरात

नाटकांच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत अजूनही येतात आणि शनिवार-रविवारच्या अंकांत त्या अधिक असतात. त्यांत नाटकाच्या नावाखाली वार, वेळ आणि नाट्यगृहाचे नाव अगदी थोडक्यात छापलेले असते. ‘शनि. दु. १२.३० बालगंधर्व’ एवढ्यावरच सारे भागवलेले असते आणि दोन-तीन जाहिराती वाचल्या की ही लिपी अंगवळणी पडते. बहुतेक नाट्यसंस्था आता आपल्या समाजमाध्यमांवरही महिन्याभराचे प्रयोग आधी जाहीर करतात. बुकमायशो आणि तिकिटालय या सेवांवर शहर निवडून पाहिले तरी येत्या प्रयोगांची कल्पना येते.

दिवसाचे प्रयोग साधारण तीन सत्रांत होतात : एक दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराचा, दुसरा संध्याकाळी पाच-साडेपाचचा आणि तिसरा रात्री साडेनऊचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने संध्याकाळचा प्रयोग घ्यावा. दुपारच्या प्रयोगाला जेवण उरकून येण्याची घाई होते आणि रात्रीचा प्रयोग संपेपर्यंत बारा वाजून जातात, त्यामुळे परतीची सोय आधी करावी लागते. एरवी रात्रीच्या प्रयोगाचे वातावरण मला स्वतःला अधिक आवडते. रस्ता शांत झालेला असतो, प्रेक्षक घाईत नसतो आणि नाटक संपल्यावर त्याविषयी बोलत चालत जाता येते.

एका दिवसात तीन प्रयोग, तेही बहुधा तीन वेगळ्या संस्थांचे, म्हणजे काय होते तेही ध्यानात घ्यावे. एका नाटकाचा पडदा पडल्याबरोबर त्याचे नेपथ्य उतरवून बाहेरच्या ट्रकमध्ये चढवले जाते आणि लगेच दुसऱ्या नाटकाचे नेपथ्य आत येऊन उभे राहू लागते. भिंती, दारे, जिना, सोफे, दिव्यांची जुळणी, सगळे काही थोड्या तासांत उभे करायचे असते. पुष्कळदा कलाकार मुंबईहून बसने आलेले असतात आणि द्रुतगती मार्गावर वाहतूक तुंबली तर सगळेच लांबते. प्रयोग दहा-पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाला, किंवा प्रेक्षागृहाची दारे अगदी वेळेवरच उघडली, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. रंगमंचामागचे कामगार ज्या वेगाने आणि शिस्तीने हे काम करतात ते पाहिले, तर ही पाच-दहा मिनिटे मुळीच खटकणार नाहीत.

तिकीट आणि जागा

तिकिटे दोन मार्गांनी मिळतात. ऑनलाइन घेणे सोपे आहे आणि घरबसल्या जागाही निवडता येते. तरीही पहिल्या खेपेस शक्य असेल तर प्रत्यक्ष रंगमंदिरावर जाऊन तिकीट खिडकीवर घ्यावे असे मी सुचवेन. प्रयोगाच्या काही दिवस आधी ‘प्लॅन’ उघडतो. प्लॅन म्हणजे प्रेक्षागृहातल्या सर्व खुर्च्यांचा तक्ता. खिडकीवरच्या माणसासमोर तो असतो आणि विकल्या गेलेल्या जागांवर खूण केलेली असते. खिडकी साधारण सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडी असते, दुपारी ती बंद राहते. जाहिरातीत त्या वेळा दिलेल्या असतात, त्या पाहूनच निघावे. खिडकीवर बसणारी माणसे वर्षानुवर्षे हेच काम करत आलेली असतात. ‘पहिल्यांदाच येतो आहे, दोन चांगल्या जागा द्या’ असे साधेपणाने सांगितले तर ती मनापासून सल्ला देतात, आणि कोणत्या खुर्चीतून रंगमंचाचा कोणता कोपरा दिसत नाही हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.

तिकिटाचे दर रंगमंदिर ठरवत नाही, निर्माता ठरवतो. म्हणून दर नाटकाला ते वेगळे असतात. सर्वसाधारण नाटकासाठी ते २०० ते ५०० रुपयांच्या दरम्यान असतात आणि नावाजलेल्या कलाकारांच्या नाटकासाठी किंवा मोठ्या संगीत कार्यक्रमासाठी याहून अधिक असू शकतात. पुढच्या रांगा महाग, मागच्या स्वस्त आणि बाल्कनी बहुधा सर्वांत स्वस्त, अशी विभागणी असते.

आता जागा कोणती घ्यावी. सर्वांत महागडी जागा सर्वांत चांगली असते, हा समज नवख्या प्रेक्षकाने सोडून द्यावा. पहिल्या दोन रांगांत बसल्यावर मान वर करून पाहावे लागते आणि रंगमंचाच्या डाव्या-उजव्या टोकांना एकाच वेळी काही घडत असेल तर दोन्ही एका नजरेत मावत नाही. शिवाय नेपथ्याच्या फळ्या आणि रंगभूषेचे थर इतक्या जवळून दिसतात, की नाटकाचा आभास जमून यायला वेळ लागतो. माझ्या मते पाचवी ते दहावी रांग आणि तीही मधल्या भागातली, ही गद्य नाटकासाठी उत्तम जागा होय. तिथून नटाच्या डोळ्यांतला बदल दिसतो आणि संपूर्ण रंगमंचाची रचनाही समोर राहते. आवाजाचाही विचार करावा. आजकाल रंगमंचाच्या पुढच्या कडेला किंवा वर ध्वनिग्राहक लावलेले असतात आणि मागे बसलेल्यांना आवाज ध्वनिवर्धकातून येतो. पुढच्या आठ-दहा रांगांत मात्र नटाचा स्वतःचा आवाजही थेट कानावर येतो आणि त्यातले चढ-उतार यंत्रातून येणाऱ्या आवाजापेक्षा फार वेगळे लागतात.

नृत्याचा कार्यक्रम, लावणी किंवा पुष्कळ पात्रे असलेले नाटक असेल तर बाल्कनीची पहिली रांग ही फार चांगली निवड आहे. वरून रंगमंचाची सबंध जमीन दिसते, नर्तकांच्या रचना उलगडतात आणि पुढच्या माणसाचे डोके आड येण्याचा प्रश्नच उरत नाही. कमी पैशांत इतके चांगले पाहायला मिळणारी दुसरी जागा नाट्यगृहात नाही. ज्या विद्यार्थ्यांना महिन्यातून दोन-तीन नाटके पाहायची आहेत त्यांनी ही रांग लक्षात ठेवावी. बाल्कनीला जिने चढावे लागतात, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना बरोबर नेताना खालच्या दालनातली, वाटेलगतची जागा मागून घ्यावी. दोन्ही बाजूंच्या अगदी कडेच्या खुर्च्या शक्यतो टाळाव्यात, कारण तिथून समोरच्या विंगेतल्या, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातल्या, हालचाली दिसतात आणि जवळच्या बाजूचे नेपथ्य झाकले जाते.

‘हाउसफुल्ल’चा फलक लागला तरी लगेच परत फिरू नये. कोणाचे तरी येणे रद्द होते, निर्मात्याने राखून ठेवलेल्या काही जागा शेवटी मोकळ्या होतात आणि प्रयोगाच्या अर्धा तास आधी खिडकीवर शांतपणे विचारले तर एखादे तिकीट मिळूनही जाते. बाहेर चढ्या भावाने तिकीट देऊ करणाऱ्याकडून मात्र काही घेऊ नये.

पोचणे

रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाजवळ, मुठा नदीच्या अंगाला आहे. मेट्रोचे छत्रपती संभाजी उद्यान स्थानक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि संध्याकाळच्या प्रयोगासाठी मेट्रोइतके सोयीचे काही नाही. रात्रीच्या प्रयोगानंतर मात्र मेट्रो बंद झालेली असते, म्हणून रिक्षाची किंवा वाहनाची व्यवस्था आधीच करावी. जंगली महाराज रस्ता एकेरी आहे आणि वाहतूक डेक्कनच्या दिशेने जाते. डेक्कनकडून मोटार घेऊन येणाऱ्याला फर्ग्युसन रस्त्याने वळसा घ्यावा लागतो, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. आवारात वाहने लावण्याची सोय आहे, पण सुट्टीच्या दिवशी ती लवकर भरते.

घंटेच्या आधी

प्रयोगाच्या निदान पाऊण तास आधी पोचावे. हा वेळ वाया जात नाही. आवारात कलादालन आहे आणि तिथे बहुधा एखाद्या चित्रकाराचे किंवा छायाचित्रकाराचे प्रदर्शन भरलेले असते. ते निवांत पाहून घ्यावे. मग रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी रंगवलेली बालगंधर्वांची तैलचित्रे आहेत, त्यांच्यापुढे थोडा वेळ उभे राहावे. एकात बालगंधर्व पुरुषवेषात आहेत आणि दुसऱ्यात स्त्रीवेषात. चेहरा एकच आहे, पण बसण्या-उभे राहण्याची ढब, मानेचा कल आणि नजर यांत किती फरक पडतो ते पाहावे. ध्वनिमुद्रिकांमधून त्यांचे गाणे आज ऐकता येते, पण रंगमंचावर ते कसे दिसत असतील याची कल्पना करण्यासाठी मला तरी या चित्रांइतका दुसरा आधार सापडलेला नाही. बहुतेक प्रेक्षक त्यांच्यावरून घाईने पुढे निघून जातात, याचे वाईट वाटते.

कपड्यांविषयी कोणतेही बंधन नाही. स्वच्छ, नीटनेटके आणि दोन-अडीच तास आरामात बसता येईल असे कपडे असावेत. वातानुकूलनाचा त्रास होणाऱ्यांनी पातळ शाल जवळ ठेवावी. फार उग्र अत्तर लावून येऊ नये आणि चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आत नेऊ नयेत. खाण्याचे पदार्थ प्रेक्षागृहात न्यायचे नसतात.

पहिली घंटा झाली की आत जाऊन जागा शोधावी. दारावरचा माणूस तिकीट पाहून रांग दाखवतो. दुसऱ्या घंटेला भ्रमणध्वनी बंद करावा. केवळ आवाज बंद करून भागत नाही, कारण अंधारात उजळलेला पडदा मागच्या चार रांगांना दिसतो आणि रंगमंचावरच्या नटालाही दिसतो. तिसरी घंटा म्हणजे प्रयोगाची सुरुवात. त्याआधी पडद्यामागे कलाकार रंगमंचाला नमस्कार करतात, नारळ वाढवला जातो, धूप फिरतो आणि पुढच्या रांगांत बसलेल्यांना कधी कधी त्याचा वासही येतो. मग रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना अभिवादन करणारी उद्घोषणा होते, नाटकाचे, लेखकाचे, दिग्दर्शकाचे नाव सांगितले जाते, दिवे मंद होतात आणि पडदा उघडतो. ही उद्घोषणा चुकवू नये. तिचे शब्द थोड्याफार फरकाने तेच असतात आणि सराईत प्रेक्षकाचेही मन त्यांनीच नाटकाकडे वळते.

प्रयोग चालू असताना

तिसऱ्या घंटेनंतर पोचलात तर काय करायचे? दारावरच्या माणसाचे ऐकायचे. प्रसंग बदलेपर्यंत किंवा अंधार होईपर्यंत तो थांबवून ठेवील. आत गेल्यावर विजेरी न पेटवता, वाकून, जी जवळची रिकामी जागा दिसेल ती घ्यावी आणि आपली जागा मध्यंतरात शोधावी.

चित्रपट पाहताना आपण बोललो किंवा झोपलो तरी पडद्यावरच्या नटाला त्याचा पत्ता नसतो. इथे प्रत्येक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचते. हशा आला की नट पुढचे वाक्य क्षणभर रोखून धरतो. शांतता गडद झाली की तो आवाज आणखी खाली आणण्याचे धाडस करतो. एका कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली की त्याच कोपऱ्याकडे त्याचे अर्धे लक्ष जाते आणि त्या रात्रीचा तो प्रसंग थोडा उणा पडतो. एकाच नाटकाचे दोन प्रयोग कधीही सारखे होत नाहीत याचे मोठे कारण प्रेक्षक हेच आहे. भ्रमणध्वनी वाजल्यामुळे कलाकारांनी प्रयोग थांबवून प्रेक्षकांना विनंती केल्याचे प्रसंग मराठी रंगभूमीवर घडलेले आहेत आणि अशा वेळी सभागृहात पसरणारे अवघडलेपण पुन्हा अनुभवावे असे कोणालाच वाटत नाही. छायाचित्रे आणि चित्रीकरण तर करूच नये. त्यास मनाई असते आणि ती योग्यच आहे.

दाद कशी द्यावी याचा फार विचार करू नये. हसू आले तर मोकळेपणाने हसावे. एखादा नट प्रथमच रंगमंचावर येतो तेव्हा टाळ्या पडतात, चांगला प्रवेश संपून अंधार होतो तेव्हाही पडतात. वाक्याच्या मधेच टाळी वाजवली तर पुढचे शब्द बुडतात, म्हणून क्षणभर थांबावे. शेजारच्याला कथानक समजावून सांगणे, नटाच्या आधी वाक्य पुरे करणे, मालिकेतले त्याचे नाव मोठ्याने घेणे, या गोष्टी कितीही कौतुकापोटी केल्या तरी त्रासदायकच ठरतात. खोकल्याची उबळ आली तर निःसंकोच बाहेर जावे आणि सावरल्यावर परत यावे. मराठी फारशी न समजणारा मित्र बरोबर असेल तर कथानकाचा गाभा त्याला बाहेरच, प्रयोगाआधी सांगून ठेवावा.

मध्यंतर

पहिला अंक संपला की पंधरा-वीस मिनिटे मिळतात. स्वच्छतागृहाची रांग मोठी असते, म्हणून आधी तिकडे जावे आणि मग चहा व बटाटावडा घ्यावा. नाट्यगृहातला बटाटावडा हा मराठी नाट्यरसिकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि गरम वडा हातात घेऊन पहिल्या अंकाविषयी अनोळखी माणसाशीही बोलणे सुरू होते. कान उघडे ठेवून जरा आजूबाजूला ऐकावे. पन्नास वर्षे नाटके पाहिलेला एखादा प्रेक्षक त्या गर्दीत हमखास असतो आणि त्याच्या दोन वाक्यांतून पुष्कळ शिकायला मिळते. घंटा झाली की लगेच परतावे. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या पाच मिनिटांत लेखक बहुधा काही तरी महत्त्वाचे पेरतो.

पडदा पडल्यावर

शेवटी सर्व कलाकार रंगमंचावर येऊन अभिवादन करतात. त्या वेळी उठून दाराकडे धावू नये. ज्या माणसांनी दोन तास तुमच्यासाठी घाम गाळला त्यांना पाठमोरा प्रेक्षक दिसणे क्लेशकारक असते. टाळ्या वाजवून पडदा पूर्ण मिटेपर्यंत थांबावे. पुष्कळदा एखादा ज्येष्ठ कलाकार दोन शब्द बोलतो आणि नाटक आवडले असेल तर इतरांना सांगा, अशी विनंती करतो. ती विनंती औपचारिक नसते. मोठ्या जाहिरातींचा खर्च परवडत नसलेल्या निर्मात्याचा पुढचा प्रयोग खरोखरच अशा सांगण्यावर भरतो.

कलाकारांना भेटायचे असेल तर मराठी नाट्यगृहात त्याची सुंदर प्रथा आहे. प्रयोगानंतर प्रेक्षक मागे रंगपटात जाऊन नटांना भेटतात. व्यवस्थापकाला विचारूनच आत जावे. रंगभूषा उतरवत असलेला, थकलेला माणूस समोर आहे हे लक्षात ठेवून नेमके काय आवडले ते एका-दोन वाक्यांत सांगावे. ‘छान झाले’ यापेक्षा ‘दुसऱ्या अंकात पत्र वाचताना तुम्ही थांबलात ती जागा फार आवडली’ असे सांगितलेले त्यांना अधिक मोलाचे वाटते. छायाचित्र हवे असल्यास विचारून, एकच घ्यावे. आणि केवळ प्रमुख नटाभोवती गर्दी न करता प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या, नेपथ्य उभारणाऱ्या, कपडेपट पाहणाऱ्या माणसांनाही दाद द्यावी. त्यांच्यापर्यंत प्रेक्षक क्वचितच पोचतो. दुसऱ्या नाटकाचे नेपथ्य आत येऊ लागले असेल तर मात्र वाट अडवून उभे राहू नये.

पहिले नाटक पाहून झाल्यावर दुसरे निवडताना मुद्दाम वेगळ्या प्रकारचे निवडावे. व्यावसायिक नाटक पाहिले असेल तर सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात एखादी स्पर्धा पाहावी. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेत असलेली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा तिथेच रंगते आणि महाविद्यालयीन मुलांच्या आरोळ्यांनी दुमदुमलेले ते प्रेक्षागृह हा बालगंधर्वपेक्षा अगदी निराळा अनुभव असतो. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत नट आणि प्रेक्षक यांच्यात जेमतेम काही फुटांचे अंतर असते, तिथे प्रायोगिक नाटके पाहावीत. बालगंधर्व रंगमंदिरात पुन्हा येण्यासाठी जूनचा शेवटचा आठवडा चांगला. २६ जूनच्या वर्धापनदिनानिमित्त त्या सुमारास तिथे नाटक, गाणे, लावणी असे वेगवेगळे कार्यक्रम लागोपाठ होतात. त्यांचा तपशील जूनच्या मध्यापासून वृत्तपत्रांत येऊ लागतो. प्रवेशिका कुठे आणि केव्हा मिळणार हे त्या वेळीच पाहून ठेवावे आणि पावसाळा सुरू झालेला असतो, म्हणून छत्री बरोबर घेऊन निघावे.